सुपरसिमेट्रीचा शोध, सध्या मुक्काम केऑनवर

मंडळी, काम सरकतंय. जळगावच्या उन्हात दुपारी लॅपटॉप उघडायची सोय नाही, त्यामुळे सगळं रात्री, गच्चीवर. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या ओपन डेटामधून तिथल्या सीएमएस डिटेक्टरचा २०१० सालचा, ७ टीईव्ही ऊर्जेच्या टकरींचा डेटा उतरवतोय. फाइल निम्मी आली की लाइट जाते. म्हणून जिथे तुटलं तिथूनच डाउनलोड पुढे नेणारी स्क्रिप्ट लावून टाकली.

नव्यांसाठी थोडं. सुपरसिमेट्री म्हणजे प्रत्येक ज्ञात कणाला एक न सापडलेला जोडीदार असावा, ही कल्पना. सुपरसिमेट्रीचे बरेच कण जन्मल्या जागीच फुटावेत असा अंदाज असतो, पण सगळे नाहीत. ग्लुइनोला (ग्लुऑनचा जोडीदार) फुटायला मध्ये स्क्वार्क (क्वार्कचा जोडीदार) लागतो. तो अतिजड असला की ग्लुइनो रखडतो. भार असलेल्या चार्जिनोची तऱ्हा वेगळी. तो आणि भार नसलेला न्यूट्रलिनो वजनाला जवळजवळ सारखे असले, फरक १६० एमईव्हीच्या आसपास (कणांचं वजन ऊर्जेच्याच एककात मोजतात), तर चार्जिनो ०.२ नॅनोसेकंद टिकतो, काही सेंटिमीटर जातो आणि एक मरतुकडा पायॉन (हलका कण) सोडून गायब होतो. डिटेक्टरमधला त्याचा माग, म्हणजे ट्रॅक, मध्येच संपतो. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी खूण हीच.

पण आधी हात बसायला हवा, म्हणून के-शॉर्ट, म्हणजे दोन पायॉनमध्ये फुटणारा केऑनचा एक प्रकार. निसर्गाने फुकट दिलेला दीर्घायुषी कण: आयुष्य गुणिले प्रकाशवेग म्हणजे २.७ सेंटिमीटर, आणि संवेग ५ जीईव्ही असला तर सरासरी २७ सेंटिमीटर पळतो. विरुद्ध भाराचे दोन ट्रॅक घ्यायचे, ते एकमेकांच्या सर्वांत जवळ कुठे येतात ते काढायचं, दोघांना पायॉन मानून वस्तुमान मांडायचं. ०.४९८ जीईव्हीवर शिखर असं सरळ उभं राहिलं की मी खाली जाऊन आईला उठवलं. तिचा प्रश्न एकच, "सापडनं का?" सांगितलं, हे १९४७ सालीच सापडलंय. ती परत झोपली.

खरी गंमत पुढे. शिखराबाहेरच्या जोड्या घेऊन त्या बीमच्या अक्षापासून किती लांब फुटल्या याचा हिस्टोग्राम काढला. गुळगुळीत उतार कुठला! ३ सेंटिमीटरवर एक उंचवटा, ४.४ वर दुसरा, ७.३ वर तिसरा. पहिला म्हणजे बीम पाइप (ज्यातून प्रोटॉन धावतात ती नळी), पुढचे ट्रॅक टिपणाऱ्या पिक्सेल डिटेक्टरचे थर. कण धातूच्या, सिलिकॉनच्या अणुकेंद्रकावर आदळून फुटतात आणि दुरून थेट नव्या कणासारखे दिसतात. म्हणूनच अशा शोधांत डिटेक्टरचा नकाशा काढून, जिथे जिथे सामान आहे तिथले व्हर्टेक्स (फुटण्याचे बिंदू) सरळ फेकून देतात. जागा वाया जाते, पण इलाज नाही. कॉस्मिक म्युऑनचा (अवकाशातल्या किरणांमुळे तयार होणारे कण) उपद्रव वेगळाच: डिटेक्टर जमिनीखाली १०० मीटर असूनही ते वरून आरपार जातात आणि पाठीला पाठ लावलेले दोन ट्रॅक असल्याचा भास होतो.

या डेटात सुसी (सुपरसिमेट्री) मिळणार नाही, हे माहीत आहेच. त्याहून कैकपट डेटा चाळून अ‍ॅटलस (सर्नचाच दुसरा डिटेक्टर) आणि सीएमएस अजून रिकाम्या हातीच आहेत. ग्लुइनोची वजनमर्यादा मात्र बऱ्याच मॉडेलांत २ टीईव्हीच्या वर ढकलली गेली.

आता लॅम्डा, के-शॉर्टसारखाच थोडं पळून फुटणारा दुसरा कण. तो प्रोटॉन आणि पायॉनमध्ये फुटतो, त्यामुळे दोघांना पायॉन मानलं की भलतंच वस्तुमान येतं. आर्मेंटेरॉस-पोडोलान्स्की आलेखात (दोन ट्रॅकमध्ये संवेग कसा वाटला गेला ते दाखवणाऱ्या) ही भानगड वस्तुमान न मानताच सुटते. कुणाकडे चालता कोड असेल तर पाठवा भो, नाहीतर या रविवारी मीच लिहायला बसतो.