बिटएक्सचा लो-पास झाला, आणि खोकल्याचा मागही लागला

बिटएक्स हा मी घरी जोडत असलेला हॅम रेडिओ संच. त्याच्या लो-पास फिल्टरची (नको त्या वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणाऱ्या भागाची) सगळी टोरॉइड्स, म्हणजे कड्यांवर तार गुंडाळून केलेल्या कॉइल, बोर्डावर बसली आणि त्या रात्री खोकला आला नाही. पीक फ्लो (जोरात फुंकल्यावर श्वास किती वेगाने बाहेर पडतो त्याचा आकडा) सकाळी 450, रात्री 440. टोरॉइडचं काम केल्यावर रात्री एवढा आकडा याआधी कधीच दिसला नव्हता, म्हणून मुद्दाम लिहायला बसलो.

मला दमा आहे, सोल्डरिंग केलं की खोकला येतो आणि संशय राळेवर आहे, हे मागे लिहिलं होतं. फ्लक्समधली (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात त्या पदार्थातली) राळ तापली की जो धूर निघतो, तो दम्याचं जुनं, नोंदलेलं कारण आहे. ‘शिसं नसलेलं सोल्डर घे’ असं मागच्या वेळी बऱ्याच जणांनी सुचवलं. पण मंडळी, शिसं उकळतं 1749 अंशांना. सोल्डरिंगच्या आपल्या 350 अंशांच्या बिटवर त्याची वाफ नगण्य असते. शिशाची भीती हात न धुता शेंगदाणे खाण्यात आहे. उलट बिनशिशाचं सोल्डर 217 अंशांच्या आसपास वितळतं, 63/37 (कथील-शिशाचं) मात्र 183 लाच. म्हणजे बिट आणखी तापवा आणि आणखी फ्लक्स जाळा. मी 63/37 वरच आहे.

फ्लक्स मात्र बदलला. डबीवर ‘नो-क्लीन’ लिहिलंय म्हणून त्यात राळ नाही असं समजू नका. त्याचा अर्थ बोर्ड धुवावा लागत नाही, एवढाच. खाली बारीक अक्षरात आरओएल0 असेल तर पहिली दोन अक्षरं रोझिनची, म्हणजे राळच. मी आरई गटातला कृत्रिम रेझिनचा घेतला. जरा चिकट आहे आणि महागही, पण एरवीच्या जोडणीत छाती भरणं थांबलं.

आणि तरीही टोरॉइडच्या दिवशी रात्री दोनला उठून बसायचं! इथेच सगळं अडलं होतं. फ्लक्स तोच, सोल्डर तेच, पंखा तोच. त्रास काम संपल्यावर कित्येक तासांनी सुरू व्हायचा, त्यामुळे कधी थंड हवेवर संशय, कधी आईच्या धूपावर. छातीच्या डॉक्टरांनी दिवसातून चार वेळा पीक फ्लो मोजून वहीत लिहायला सांगितलं. मी शेजारच्या रकान्यात त्या दिवशी काय जोडलं तेही लिहू लागलो. रिले, कनेक्टर, रेझिस्टर या दिवशी रेघ सपाट. वायर टिन केली (टोकावर सोल्डर चढवलं) की रात्री आकडा थेट 350 पर्यंत खाली.

वायर! आपण इनॅमल वायरचं टोक सोल्डरच्या गरम थेंबात धरतो, लेप जळतो, टिन चढतं, आपण खूश. सहज सोल्डर होणाऱ्या वायरवर बहुधा पॉलियुरेथेनचा लेप असतो आणि तो जळताना आयसोसायनेट नावाची रसायनं सुटतात. दम्याच्या बाबतीत ही जात राळेपेक्षाही वाईट. एकदा शरीर चिडलं की मग अगदी थोडंसंही पुरतं, आणि वास येईपर्यंत थांबण्यात अर्थ नसतो. एन95 कण अडवतो, वायू नाही.

आता खरवडतो. ब्लेड आडवं धरायचं, टोक फिरवत तांबं चकाकेपर्यंत खरवडायचं, वर बारीक पॉलिश पेपर, मगच टिन. लेप काढायची रसायनं मिळतात, पण धूर टाळायला विषारी द्रावकाची बाटली उघडणं मला पटत नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत वायर वजनावर मिळते, लेप कसला ते दुकानदारालाही माहीत नसतं. त्यापेक्षा मोटर रिवाइंडिंगवाल्याकडची घ्या. तिचा लेप जास्त तापमानाचा, सोल्डरला दाद न देणारा. खरवडल्याशिवाय टिन चढतच नाही, त्यामुळे आळस करायची सोयच उरत नाही. लो-पासची लाल टी50-2 कडी याच 24 गेजच्या वायरने गुंडाळली. खरवडून काळी पडलेली नखं सोडली तर काम देखणं झालंय, हे मीच सांगतो.

पंख्याचंही थोडं. टेबलावरचा कार्बनच्या काळ्या स्पंजचा 120 मिमी पंखा काढून टाकला. स्पंज पातळ, त्यातून हवा झर्रकन पार होते, कार्बनला काही धरायला वेळच मिळत नाही. धूर फक्त तोंडासमोरून मागे जाऊन खोलीत पसरतो. आता चार इंची डक्ट खिडकीबाहेर. उदबत्ती लावून पाहिलं: डक्टच्या तोंडापासून त्याच्या व्यासाइतकं लांब गेलं की ओढ दहाव्या हिश्श्यावर येते, म्हणून डक्टचं तोंड जोडापासून चार बोटांवर ठेवतो. पश्चिमेचा वारा सुटला की डक्टमधून उलटी हवा येते, त्यासाठी झडप बसवायची आहे. बाथरूमच्या एक्झॉस्टची तयार झडप बसेल असं वाटतंय.

राहिले रेडिओतल्या मिक्सरचे (दोन फ्रिक्वेन्सी मिसळणाऱ्या भागाचे) ट्रान्सफॉर्मर. एफटी37-43 या छोट्या फेराइट कड्यावर ट्रायफायलर (तीन तारा एकत्र गुंडाळून), 36 गेज. ही केसासारखी वायर खरवडायला गेलं की तुटते. तयार ट्रान्सफॉर्मर मागवणार होतो, पण हे लिहितानाच सुचलं: त्याच जातीचं मोठं कडं, एफटी50-43, का नको? भोक मोठं, 28 गेजच्या तीन तारा सहज मावतील आणि 28 आरामात खरवडता येते. त्या मापाला एका वेढ्याचा इंडक्टन्सही थोडा जास्त मिळतो, म्हणजे वेढे वाढवावे लागणार नाहीत. बोर्डावर जागा अपुरी पडेल, तर उभे करून पाय वाकवीन. बिटएक्सचे रचनाकार फरहान यांनी मूळ बिटएक्समध्ये नळाच्या वॉशरवर कॉइल गुंडाळल्या होत्या, त्यापुढे ही तडजोड काहीच नाही.

तयार ट्रान्सफॉर्मरची ऑर्डर रद्द. कुणाकडे जादा एफटी50-43 पडून असतील तर कळवा, बदल्यात पिवळे टी50-6 देतो.