गोधडीचं ओलं वजन

आमच्या घरात सामान तोलायचा एक लटकता काटा आहे. विमानप्रवासासाठी घेतला होता. विमानात बसणं दोनदाच झालं, काटा मात्र कायम हाताशी असतो. बावीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढल्यावर माणसाला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. त्यामुळे गोधडी धुवायच्या आधी मी ती काट्याला अडकवली, तेव्हा बायकोनं नुसतं कपाळाला हात लावला. ३ किलो ४०० ग्रॅम भरली. वहीत लिहून ठेवलं.

ही गोधडी आईनं शिवलेली. आमचं गाव कऱ्हाडजवळ, कृष्णाकाठी. तिकडे हिला वाकळ म्हणतात. पुण्यात आल्यावर मीही गोधडी म्हणायला लागलो, आणि आईला ते अजून खटकतं. वर-खाली आजीची इरकली लुगडी, आत जुनी धोतरं आणि विरलेल्या चादरी, एका कोपऱ्यात माझ्या शाळेच्या खाकी चड्डीचं ठिगळ. धावदोरा कडेनं सुरू होऊन चौकोनात फिरत फिरत मधोमध येऊन थांबतो. गोधडीत मायेची ऊब असते वगैरे लोक लिहितात. असेलही. मला गोधडी म्हटलं की आधी ओल आठवते आणि मग पाठ दुखायला लागते.

कारण आमच्याकडे वाकळा धुवायचे दिवस ठरलेले होते. भाद्रपदातला पितृपंधरवडा लागला की घट बसायच्या आत घरातला झाडून सगळा कपडा पाण्यातून निघायलाच हवा. चादरी, वाकळा, खोळी, अभ्रे, जाजम, सगळं. अख्खा गाव एकदम नदीवर. सायकलच्या कॅरियरला बांधून, डोक्यावर घेऊन, कुणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चार घरांची धुणी घालून. खडकावर जागा धरायला बायका उजाडायच्या आत जात. सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजवलेली वाकळ खडकावर पसरायची, साबण फिरवायचा आणि वर आम्हा पोरांना सोडायचं. तुडवणं हे पोरांचं काम. धोपाटणं मात्र आईच्या हातात. आमच्या हातात दिलं तर आम्ही एकमेकांना हाणणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा हे सगळं देवीसाठी चाललंय एवढंच कळायचं. आता वाटतं, त्या पंधरा दिवसांचा हिशेबही चोख होता. चार महिने दमट हवेत राहून अंथरूण-पांघरूण कुबट झालेलं असतं. नदीचं गढूळ पाणी निवळायला लागलेलं असतं, पण धार अजून जोरात असते. वर ऑक्टोबरचं ऊन यायच्या बेतात असतं. आणि थंडी पडली की पांघरुणं लागणारच असतात.

खरा मुद्दा पाण्याचा. गोधडीचा मळ निघायला फार वेळ लागत नाही. आधी साबण बाहेर काढायचा आणि मग पाणी, या दोन कामांतच माणूस मोडतो. नदीत साबण काढायची चिंता नसे. वाकळ धारेत सोडायची, एक टोक पायाखाली दाबून धरायचं, बाकीचं काम नदी करायची. मग आई आणि काकू दोन टोकांना उभ्या राहत आणि उलटसुलट पीळ घालत. पीळ बसत गेला की मधला भाग धनुष्यासारखा वर उचलला जाई आणि पाणी धो धो खाली पडे. तिथून ती तापलेल्या काळ्या कातळावर. वरून ऊन, खालून दगड, शिवाय नदीवरचा वारा. दुपारी एकदा पालथी केली की संध्याकाळी घडी घालून घरी, दांडीवर.

ही गोष्ट २०२४ची. घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती. पंधरवड्यातच, २५ सप्टेंबरला, पुण्यात असा पाऊस कोसळला की रस्त्यांच्या नद्या झाल्या. पुढच्या रविवारी ढगांतून ऊन आत-बाहेर करायला लागलं आणि मी कामाला लागलो. त्याआधी तीन वर्षं गोधडी ड्रायक्लीनरकडे जायची. शेवटच्या वेळी तिथून ती इस्त्रीचा चट्टा घेऊन परत आली होती आणि आईनं व्हिडिओ कॉलवर तो बघितला होता. त्यामुळे आता दुसऱ्याच्या हाती देणं नाही.

आमचं मशीन ७ किलोचं. साडेतीन किलोची गोधडी म्हणजे अर्धीच क्षमता, असा मी सरळ हिशेब केला. इथंच फसलो. ते सात किलो सुट्या कपड्यांचे असतात, ड्रममध्ये चहूकडे पसरणाऱ्या. गोधडी पाणी प्याली की तिचा एकच गोळा होतो आणि तो एका बाजूला जाऊन बसतो. मशीन फिरवून बघतं, तोल जातोय म्हणून थांबतं, पुन्हा पाणी घेतं, पुन्हा फिरवून बघतं. चौथ्या वेळी त्यानं हात टेकले आणि पडद्यावर दोन अक्षरं लुकलुकायला लागली. दार उघडून गोधडी बाहेर ओढली, हातानं जमेल तेवढी दाबली आणि काट्याला लावली. १० किलो ९०० ग्रॅम. म्हणजे साडेसात किलो नुसतं पाणी.

मुलगी म्हणाली, "बाबा, साठ डिग्रीवर लावायची होतीत ना?" तिला सकाळी उठल्यावर ओळीनं शिंका येतात. धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी निघाली, आणि चादरी-अभ्रे गरम पाण्यात धुवा असं डॉक्टरांनी सांगितलंय. ते बरोबरच आहे. साठ अंशांना हे किडे मरतात, थंड पाण्यात बरेचसे वाचतात. त्यामुळे चादरी आणि अभ्रे दर रविवारी साठवर लागतात, त्यात सूट नाही. पण गोधडीत लाल, हिरवी, कुठकुठली ठिगळं आहेत. इरकली लुगड्याचा रंग जायचा तेवढा कधीच जाऊन झालाय. भीती आहे ती नंतर लावलेल्या ड्रेसच्या तुकड्यांची. आणि ॲलर्जी मुख्यतः ज्यानं होते ती या किड्यांची विष्ठा साध्या पाण्यातही बऱ्यापैकी धुतली जाते. म्हणून गोधडीला गार पाणी, पण भरपूर.

मग बाथरूममध्येच नदी केली. फरशीवर गोधडी, गोधडीवर मुलगी, हातात फोन, फोनवर आजी. "टाचंनं तुडव बाळा, चवड्यानं नको, घसरशील." मशीनमध्ये घातलेल्या पावडरीचा फेस निघता निघेना. वीस-वीस लिटरच्या अकरा बादल्या गेल्या तेव्हा कुठे पाणी नितळ दिसलं. एरवी दोन बादल्यांवर माझी कुरकुर सुरू होते. खडकवासल्याचं २२० लिटर पाणी एका गोधडीपायी गेलं हे मी वहीत लिहिलं, पण घरात कुणाला वाचून दाखवलं नाही.

बाल्कनीच्या कठड्यावर काही टाकायचं नाही असा सोसायटीचा नियम आहे, आणि खालच्या काकू तो पाळून घेतात. म्हणून टबात घालून गच्चीवर. लिफ्टमध्ये सांडलेल्या पाण्याबद्दल सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज यायला दहा मिनिटंही लागली नाहीत. गच्चीत बायकोनं एक टोक धरलं, मी दुसरं. पहिल्या पिळालाच ती म्हणाली, "अहो, मला ओढू नका, गोधडी पिळा." शेवटी आईनंच तोड सांगितली. गावी एकटी बाई असली की झाडाच्या बुंध्याला वेढा द्यायची. आम्ही टाकीच्या लोखंडी शिडीला दिला. शिडी गंजकी, म्हणून मध्ये जुना टॉवेल. दोघांनी मिळून एका बाजूनं पीळ घातला. काटा ७ किलो १०० वर आला. फुकटात जवळपास चार किलो उतरले, मला तर कारखान्यात टार्गेट पुरं केल्याचा आनंद झाला.

बाकीच्या अंथरुणाचं फार नाही. सोलापुरी चादर पहिल्या दोन-तीन धुण्यांत वेगळी ठेवायची, एवढंच. रंग बसावा म्हणून मिठाचं पाणी वापरतात, मीही वापरलं. काही फरक पडला असं मला तरी दिसलं नाही. घोंगडीला मात्र मी हात लावत नाही. ती झटकायची, उन्हात टाकायची. धुवायचीच झाली तर गार पाणी, धोपटणं नाही, पिळणं नाही, नाहीतर लोकर आटते. आणि सावरीच्या कापसाची उशी कधी, कधी धुवू नका. मी धुतली आहे. तो कापूस अंगचाच मेणचट, आतून पोकळ. पूर्वी तो पाण्यात तरंगायच्या जॅकेटांत भरायचे. माझी उशी बादलीत बुडेचना. वर पाटा ठेवून बुडवली. सुकल्यावर अभ्र्यात लिंबाएवढ्या गोळ्या. साध्या कापसाच्या असत्या तर पिंजाऱ्याकडे नेता आल्या असत्या. तसाही आमच्या रस्त्यावर पिंजाऱ्याच्या धुनकीचा टणत्कार मी कित्येक वर्षांत ऐकलेला नाही.

गोधडी वाळायला पुढचे तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी दोन सरी आल्या आणि मी दोनदा जिने चढलो. दोरीवर एकेरी टाकली तर वजनानं दोरी पोटात आली, म्हणून दोन दोऱ्यांवर पसरून टाकली, मधून वारा खेळावा म्हणून. वरून कोरडी लागते पण शिवणीत ओल राहते, आणि तशीच घडी केली तर आठवड्यात काळे ठिपके. आई म्हणाली, "हातानं कळत न्हाई. गालाला लावून बघ." दुसऱ्या संध्याकाळी गालाला गार लागली. तिसऱ्या दिवशी, बुधवारी, सर्वपित्री होती आणि गांधी जयंतीची सुट्टी होती. दुपारी चारला गालाला काही जाणवलं नाही. काट्याला लावली. ३ किलो ३५०.

आईला लगेच फोन केला. म्हटलं, "आई, पन्नास ग्रॅम मळ निघाला!"

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही.

"पन्नासच?" ती म्हणाली. "आरं, मग तू नीट धुतलीच न्हाईस."