विशेष शिक्षणातील पदव्युत्तर अभ्यास नेमका काय शिकवतो

विशेष शिक्षणात किंवा अपंगत्वाशी निगडित सेवांमध्ये पदव्युत्तर अभ्यास करावा का, असे विचारणाऱ्या बहुतेकांना मुलांविषयी मनापासून माया असते आणि ती पुरेशी ठरेल, अशी त्यांची समजूत असते. माया हवीच, पण या अभ्यासातून मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पाहण्याची शिस्त. मूल काय करते, केव्हा करते, त्याआधी काय घडले होते आणि त्यानंतर भोवतालच्या माणसांनी काय केले, हे अंदाज न बांधता टिपता येणे आणि त्या नोंदींवरून स्वतःचे शिकवणे बदलता येणे, ही कसबाची बाब आहे. ती अनुभवाने आपोआप येते, असे मला वाटत नाही. वर्षानुवर्षे वर्ग सांभाळूनही ती न आलेले शिक्षक मी पाहिले आहेत.

वही उघडली की पेन्सिल भिरकावणारे एखादे मूल घ्या. शिक्षकांच्या खोलीत त्याला ‘हट्टी’ किंवा ‘आक्रमक’ म्हटले जाते आणि विषय तिथेच संपतो. प्रशिक्षण घेतलेला शिक्षक मात्र तीन रकान्यांचा तक्ता आखतो: आधी काय घडले, वर्तन कोणते, नंतर काय झाले. काही दिवसांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की लक्षात येते की चित्र काढताना पेन्सिल कधीच उडत नाही, फळ्यावरचा मजकूर उतरवून घेताना मात्र जवळजवळ दरवेळी उडते. आणि ती उडाली की वही मिटली जाते व मुलाला वर्गाच्या कडेला बसवले जाते. आपण जिला शिक्षा समजत होतो, ती त्या मुलासाठी सुटका होती. मग मजकूर निम्मा केला जातो, फळ्याऐवजी बाकावर ठेवलेल्या कागदावरून उतरवायला दिला जातो आणि ‘थोडे थांबू या’ असे सांगणारे एक चित्रकार्ड मुलाच्या हाताशी ठेवले जाते. कार्ड पुढे केल्याक्षणी थांबायचेच, हा नियम मोठ्यांनी काटेकोरपणे पाळावा लागतो. ‘एवढी ओळ पूर्ण कर, मग थांबू’ असे दोनदा म्हटले की कार्डाचा उपयोग संपतो आणि पेन्सिल पुन्हा उडू लागते. काम टाळणे, कोणाचे लक्ष मिळवणे, एखादी वस्तू मिळवणे किंवा शरीराला हवी असलेली संवेदना मिळवणे, यांपैकी कोणते प्रयोजन त्या वर्तनामागे आहे, हे शोधल्याशिवाय उपाय ठरवू नये, हे तत्त्व पुस्तकात एका पानात मावते. ते हातात उतरायला मात्र अनुभवी मार्गदर्शकाच्या नजरेखालचे पुष्कळ काम लागते.

म्हणूनच प्रात्यक्षिकाचा दर्जा हा अभ्यासक्रम निवडण्याचा पहिला निकष असावा. विद्यार्थी शिक्षक शिकवत असताना त्याची चित्रफीत काढून ती मार्गदर्शकासोबत थांबवत थांबवत पाहणे, याला पर्याय नाही. टेबलावर तीन चित्रे मांडून ‘पेला कोणता?’ असे विचारताना शिक्षकाची नजर नकळत योग्य चित्राकडे वळते, मूल ती नजर वाचते आणि अचूक चित्र उचलते. नोंदवहीत शंभर टक्के गुण पडतात आणि मुलाला पेला हा शब्द कळलेलाच नसतो. चित्रफीत पाहिल्याशिवाय ही गोष्ट त्या शिक्षकाच्या ध्यानात येत नाही. मदत कशी द्यावी याबरोबरच ती टप्प्याटप्प्याने कशी काढून घ्यावी, हेही शिकावे लागते, कारण मदतीवरच विसंबून राहण्याची सवय लागलेले मूल पुढे प्रत्येक कामात मोठ्यांच्या चेहऱ्याकडे पाहत थांबते.

संशोधनपद्धतीचा विषय अनेकांना नकोसा वाटतो. माझ्या मते तोच सर्वांत गंभीरपणे शिकावा. 1990च्या सुमारास न बोलणाऱ्या स्वमग्न व्यक्तींचा हात किंवा मनगट धरून त्यांना कळफलकावर लिहायला ‘साहाय्य’ करण्याची पद्धत ऑस्ट्रेलियातून अमेरिकेत पोहोचली आणि झपाट्याने पसरली. आपल्या मुलाचे मन पहिल्यांदाच कळले, या आनंदाने पालक हरखून गेले. पुढे नियंत्रित चाचण्यांमध्ये व्यक्तीला एक चित्र आणि हात धरणाऱ्याला दुसरे चित्र दाखवण्यात आले, तेव्हा कळफलकावर उमटलेले उत्तर हात धरणाऱ्याने पाहिलेल्या चित्राचे निघाले. 1994 साली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने या पद्धतीला शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर केले. हात धरणारे लबाड नव्हते. ते स्वतःच्या नकळत लिहीत होते, आणि ज्यांच्या नावाने ते लिहिले जात होते त्यांना स्वतःच्या संवादाचे खरे साधन मिळायला तेवढा उशीर झाला. चांगल्या हेतूने केलेले काम तपासून पाहायचे असते, हे या प्रकरणाइतके ठळकपणे दुसरे काही शिकवत नाही. विशेष शिक्षणात एकाच मुलाच्या प्रगतीचे पद्धतशीर मापन करणारे संशोधन आराखडे वापरले जातात. उपाय सुरू करण्यापूर्वीची स्थिती आधी पुरेशी मोजायची आणि मगच बदल करायचा, ही त्यांतली साधी वाटणारी अट प्रत्यक्षात पाळायला अवघड जाते, कारण समोरचे मूल अडचणीत असताना नुसते मोजत बसणे जिवावर येते.

इतिहासाच्या तासालाही मी तितकेच महत्त्व देईन. 1880 साली मिलान येथे भरलेल्या कर्णबधिरांच्या शिक्षणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने शाळांमध्ये सांकेतिक भाषेपेक्षा मौखिक पद्धत, म्हणजे ओठ वाचून आणि बोलून शिकण्याची पद्धत, श्रेष्ठ असल्याचा ठराव केला. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्यानंतर अनेक देशांतील शाळांमधून सांकेतिक भाषा हद्दपार झाली आणि कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. 1960 साली अभ्यासक विल्यम स्टोकी यांनी अमेरिकन सांकेतिक भाषेला स्वतःची रचना आहे, हे भाषाशास्त्राच्या आधारे मांडले. मिलानचे ठराव मात्र 2010 साली व्हँकुव्हरच्या परिषदेत औपचारिकपणे नाकारले गेले. मधल्या काळात किती पिढ्यांचे बालपण भाषेविना गेले, याचा विचार केला म्हणजे तज्ज्ञांच्या एकमताकडेही सावधपणे पाहावेसे वाटते. कर्णबधिरांच्या शिक्षणात जाऊ इच्छिणाऱ्याने सांकेतिक भाषा एखाद्या लहान अभ्यासक्रमापुरती शिकून भागणार नाही, हेही इथेच स्पष्ट होते. दृष्टिहीन मुलांच्या शिक्षकाला ब्रेल वाचता आणि लिहिता येणे हेही तितकेच अनिवार्य आहे.

शाळेपलीकडचे क्षेत्र विद्यार्थ्यांच्या नजरेतून निसटते, याची मला खंत वाटते. अपंग मुले मोठी होतात, त्यांना काम, घर, मैत्री, पैशांचे व्यवहार आणि स्वतःचे निर्णय हवे असतात. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 सालच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातील 24व्या कलमात समावेशक शिक्षणाचा हक्क आहे, तसा 12व्या कलमात कायद्यासमोर समान मान्यतेचा आणि निर्णय घेताना आवश्यक ते साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. एखाद्याच्या वतीने निर्णय घेणे आणि त्याला निर्णय घेण्यासाठी साहाय्य करणे यांतला फरक रोजच्या कामात अतिशय सूक्ष्म असतो: पर्याय किती आणि कोणत्या क्रमाने मांडले, उत्तरासाठी किती वेळ थांबलो, मिळालेले उत्तर आपल्याला पटले नाही तेव्हा प्रश्न पुन्हा विचारला का. अठरा-एकोणीस वर्षांच्या तरुणांना रंगीत ठोकळे वेगळे करायला बसवणारी केंद्रे आजही आहेत आणि ते पाहताना मला वाईट वाटते. शाळेतून प्रौढ आयुष्याकडे जाण्याचा टप्पा, साहाय्यक तंत्रज्ञान, न बोलणाऱ्यांसाठी पूरक आणि पर्यायी संवाद (चित्रे, खुणा किंवा उपकरणे वापरून साधलेला) आणि अगदी लहान वयातील शीघ्र हस्तक्षेप या शाखांना चांगल्या माणसांची निकड आहे.

प्रवेश घेण्यापूर्वी विभागाला काही गोष्टी थेट विचाराव्यात. मार्गदर्शकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली किती तासांचे काम होते आणि तो मार्गदर्शक स्वतः अजूनही मुलांबरोबर काम करतो का? शिकवणाऱ्यांमध्ये अपंग प्राध्यापक आहेत का? पालकांशी बोलणे, विशेषतः निदानानंतरचे पहिले बोलणे, कुठे शिकवले जाते? शिवाय पदवी आणि व्यवसायाचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाचा-भाषा उपचार आणि व्यवसायोपचार (रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठीचे उपचार) हे स्वतंत्र व्यवसाय आहेत, त्यांची पात्रता विशेष शिक्षणाच्या पदवीने मिळत नाही, आणि विशेष शिक्षकाची नोंदणीही प्रत्येक देशाच्या नियमांनुसार होते. जिथे काम करायचे आहे तिथली नियामक संस्था ही पदवी ग्राह्य धरते का, याचे उत्तर शुल्क भरण्याआधी त्या संस्थेकडूनच लेखी घ्यावे. विभागाच्या माहितीपत्रकावर विसंबू नये.