एका ओळीची चौकशी

विद्यापीठाच्या चौकशी समितीचं पत्र दोन पानी होतं, पण माझी नजर पहिल्या परिच्छेदातच अडकली. तुमच्या प्रकाशित लेखातली मध्यवर्ती कल्पना तक्रारदाराची असून ती श्रेय न देता वापरली, अशी तक्रार आली आहे. १५ दिवसांत लेखी खुलासा द्यावा. तक्रारदार आमच्याच विभागातले वरिष्ठ सर. त्या सकाळीच आम्ही जिन्यात एकमेकांकडे बघून हसलो होतो.

कल्पना तशी साधी. सर्वेक्षणात ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्यांना आपण बहुतेकदा विश्लेषणातून गाळून टाकतो. मी त्यांच्याकडेच पाहिलं: हे उत्तर कोण देतं, कुठल्या प्रश्नाला देतं, प्रश्नावलीच्या कितव्या पानावर देतं. सरांचं म्हणणं असं, की हे त्यांनी तीन वर्षांपूर्वी एका संशोधन प्रस्तावात मांडलं होतं आणि तो प्रस्ताव अंतर्गत परीक्षक म्हणून माझ्याकडेच आला होता. आला होता, हे खरं. हल्ली बरीच नियतकालिकं लेखाखाली कोणी काय काम केलं ते छापतात, त्यासाठी १४ भूमिकांची ठरलेली यादी आहे. त्यातल्या पहिल्याच भूमिकेपुढे, म्हणजे ‘संकल्पना’पुढे, माझं एकटीचं नाव होतं. सरांनी नेमकी तीच ओळ अधोरेखित केली होती.

मी रागारागाने लेख साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला. साम्य ४ टक्के. तो अहवाल खुलाशाला सगळ्यात वर जोडणार होते. अशा चौकश्यांवर बसलेली एक मैत्रीण म्हणाली, “अगं, शब्द चोरलेस असं ते म्हणतच नाहीयेत.” बरोबरच होतं. सॉफ्टवेअर शब्द जुळवतं. कॉपीराइटही शब्दांना, मांडणीला असतो. १९९४च्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेवरच्या आंतरराष्ट्रीय करारात कल्पनांना कॉपीराइटचं संरक्षण नाही, असं सरळ लिहिलेलं आहे. कॉपीराइट कायद्याच्या लेखी कल्पना कुणाचीच नाही, विद्यापीठात मात्र भांडण होतं ते तिच्यावरूनच. अमेरिकेच्या सरकारी नियमांत वाङ्मयचौर्याची जी व्याख्या आहे, तिच्यात शब्द शेवटी येतात आणि कल्पना सगळ्यात आधी.

मग कालक्रम मांडायला बसले. कुणावर अशी वेळ आली तर सांगते, फाइलवरच्या तारखांवर विसंबू नका. नव्या लॅपटॉपवर कॉपी करताना माझ्या निम्म्या फाइलींच्या तारखा बदलल्या होत्या. कामाला आले ते ईमेल, कारण त्यांची प्रत दुसऱ्याकडेही असते. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६७६मध्ये स्प्रिंगचा नियम नुसती अक्षरं उलटसुलट करून छापला होता आणि दोन वर्षांनी उलगडून दाखवला. म्हणजे शोध आपल्या नावावर लागतो आणि कुणाला कळतही नाही. पूर्वी मला हा विक्षिप्तपणा वाटायचा.

समितीतल्या एका सदस्यांनी सरांसोबत लेख लिहिले होते. मी लेखी हरकत घेतली आणि त्यांना बदललं गेलं. हरकत घेताना संकोच वाटला, पण कॅल्क्युलस आधी कोणी शोधलं या न्यूटन आणि लायबनित्स यांच्या वादात १७१२मध्ये रॉयल सोसायटी या इंग्लंडमधल्या विज्ञानसंस्थेच्या समितीचा अहवाल पडद्याआडून लिहिला तो अध्यक्ष न्यूटननेच, हे आठवलं आणि संकोच गेला.

तोवर मी निर्धास्त होते. सरांच्या प्रस्तावात काय होतं ते मला आठवतच नव्हतं, मग त्यातून घेणार काय? समितीने दोघांनाही प्रस्तावाची प्रत दिली. सातव्या पानावर अर्धं वाक्य होतं: ‘माहीत नाही’ या उत्तरांचा स्वतंत्र विचार करता येईल. एवढंच. मला हसू आलं. मग मागे जोडलेला परीक्षकाचा अभिप्राय वाचला, म्हणजे माझाच. तिसऱ्या मुद्द्यात मी लिहिलं होतं, ‘पान ७ वरचा मुद्दा सगळ्यात रोचक आहे, तो वाढवावा.’

रात्रभर झोप लागली नाही. १९८९मधला एक मानसशास्त्रीय प्रयोग मी वर्गात शिकवते. त्यात गटाने आळीपाळीने शब्द सुचवायचे असतात आणि नंतर आपले कोणते ते आठवायचे असतात. काही जण दुसऱ्याचे शब्द प्रामाणिकपणे आपले म्हणून सांगतात. मुलं हसतात. मीही हसायचे.

खुलासा पुन्हा लिहिला. मैत्रीण म्हणाली, सगळं कबूल करू नकोस. मी जे घडलं ते लिहिलं: वाचलं होतं, आवडलं होतं, विसरले. सुनावणीत अध्यक्षांनी एकच अवघड प्रश्न विचारला, “मॅडम, विसरणं कुठे संपतं आणि निष्काळजीपणा कुठे सुरू होतो?” मला उत्तर देता आलं नाही. जाणूनबुजून केलं, जाणीव असताना केलं की बेफिकिरीने केलं, यावरच गैरवर्तन ठरत होतं.

निकाल असा आला: हेतुपुरस्सर चोरी नाही, पण गोपनीय प्रस्ताव वाचलेल्या व्यक्तीने जपायला हवी ती काळजी घेतली नाही, म्हणून लेखी समज, आणि नियतकालिकात दुरुस्ती. सरांना सहलेखक म्हणून नाव हवं होतं. ते मिळालं नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचे लेखकत्वाचे निकष चार आहेत आणि चारही पुरे व्हावे लागतात. समितीने तीच फूटपट्टी लावली. अर्ध्या वाक्यावर नाव लागत नाही. यावर सर चिडले, आणि खरं सांगायचं तर इथे मला समितीचं पटतं. डेटा, विश्लेषण, दोन वर्षांची उठाठेव माझी होती.

दुरुस्तीचा मसुदा मी केला: ‘ही कल्पना एका सहकाऱ्यांशी झालेल्या चर्चेतून सुचली.’ सरांनी तो परत पाठवला. समासात एकच वाक्य होतं: ‘चर्चा कधी झाली?’

झालीच नव्हती. मी ‘चर्चेतून’ खोडून ‘अप्रकाशित प्रस्तावातून’ असं केलं आणि त्यांचं नाव घातलं. तसंच छापलं गेलं.