कच्ची लोकर धुणं: बोअरचं पाणी आणि दख्खनी काळी

या वेळचा माल साक्रीकडच्या (धुळे जिल्हा) ठेलारी मेंढपाळांच्या कळपातला. काळी दख्खनी लोकर, 1 किलो, मेंढ्या न धुता कातरलेली. दख्खनी मेंढीच्या लोकरीत मेण (केसावरचा नैसर्गिक चिकट थर) मेरिनो या मऊ लोकरीच्या विदेशी जातीपेक्षा बरंच कमी; वजन भरतं ते माती, वाळलेला घाम, लेंड्या आणि कुसळांनी. त्यामुळे मेरिनोसाठी सांगितलेला साबणाचा मारा इथे फुकट जातो.

आधी कोरडी निवड. हातमोजे आणि तोंडाला रुमाल हवाच, ही धूळ छातीत जाऊ देण्यासारखी नाही. पोटाखालची आणि शेपटीजवळची लोकर सरळ बाजूला. दुबार कात्री लागून पडलेले बारीक तुकडेही झटकून काढा, नाहीतर सुतात गाठी येतात. कुसळं, गोखरू सुकेच वेचायचे. ओल्या लोकरीतून ओढले की गुंता होतो. निवडून उरली 820 ग्रॅम.

मग थंड पाणी. कांद्याच्या जाळीदार पिशवीत 250 ग्रॅम सैल भरून 12 लिटरच्या बादलीत रात्रभर. चोळायचं नाही. घामातले पोटॅशचे क्षार यातच सुटतात, म्हणून हे पहिलं पाणी केळीच्या बुडाशी ओतायला चांगलं. बादलीचा तळ दिसेपर्यंत पाणी बदलत राहा.

आता खरी अडचण. आपल्याकडे बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा साका धरतं, तो केसाला चिकटतो आणि कितीही खंगाळलं तरी निघत नाही. वाळल्यावर लोकर मेणकट लागते, फणी भरून येते आणि दोष मात्र मेंढीला दिला जातो! अंगाचा किंवा कपड्याचा वडीचा साबण म्हणूनच नको. भांड्यांचं लिक्विड 12 लिटरला 15 मिली पुरतं. रिठाही छान चालतो: बिया काढून 50 ग्रॅम टरफलं 2 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, उकळून, गाळून. पांढऱ्या लोकरीवर मात्र त्याची पिवळट झाक राहते. धुण्याचा सोडा टाळलेला बरा. अल्कली जास्त झाली की केस खरखरीत आणि कमजोर होतो.

पाणी 55 ते 60 अंश, थर्मामीटरनं बघून. लिक्विड आधी मिसळायचं, मग पिशवी दाबून बुडवायची, झाकण ठेवायचं, 20 मिनिटं. मेण 40 अंशांच्या आसपास वितळतं. पाणी निवून 45 च्या खाली गेलं की सुटलेलं मेण परत केसावर बसतं. धुळ्याच्या जानेवारीत बादलीला गोणपाट गुंडाळल्याशिवाय हे जमत नाही.

खंगाळायचं पाणीही तेवढंच गरम, दोनदा. गरमातून एकदम गार पाण्यात टाकली, नळाची धार सोडली किंवा हातानं घुसळली, की लोकरीचा नमदा होतो, म्हणजे केस एकमेकांत घट्ट गुंतून बसतात, आणि तो मागे फिरत नाही. शेवटच्या पाण्यात 2 चमचे व्हिनेगर. पिळायचं नाही, वॉशिंग मशीनच्या ड्रायरमध्ये पिशवीसकट मिनिटभर फिरवलं तर चालतं, कारण तिथे घासणं होत नाही.

वाळवण बाजेवर, सावलीत, वरून जाळी. मे महिन्यात दुपारपर्यंत कोरडी ठाक होते आणि पिंजताना केस उडतात. तेव्हा पाण्यात तिळाच्या तेलाचे चार थेंब हलवून हलका फवारा मारायचा. पावसाळ्यात उलट, आतून दमट राहिली तर कुबट वास धरते.

हाती आली 590 ग्रॅम. काही बटांची टोकं अजून मातीनं घट्ट आहेत. ती परत धुण्यापेक्षा बोटांनी उकलून, झटकून मगच फणीला लावायची.