तू कशाची वाट बघतेस गं

रविवारी शेवटच्या प्रार्थनेच्या वेळी पाळक म्हणाले, ज्यांना आज येशूला आपला तारणारा म्हणून स्वीकारायचंय त्यांनी जागेवरच उभं राहा, आणि मी समोरच्या बाकाची कड इतकी घट्ट धरली की आमेन झाल्यावर बघते तर तळहातावर आडवा लाल वळ. उभी राहिले नाही. छाती मात्र अशी धडधडत होती की शेजारी काकूंना ऐकू जात असेल असं वाटलं. बाहेर पडताना त्यांनी एवढंच विचारलं, "तू कशाची वाट बघतेस गं?" रागाने नाही, मायेनेच.

वळ संध्याकाळपर्यंत गेला. प्रश्न काही जात नाहीये.

आधी खूप रडू आलं. बाकीच्यांना कसं जमतं, मलाच का हे इतकं जड, मलाच कुणी समजून घेत नाही, असं काय काय. घरचं तर आहेच, ते आत्ता नको.

मी स्वतःला काय सांगत आलेय तर आधी जरा नीट होऊ दे, राग कमी होऊ दे, दादाशी परत बोलणं सुरू होऊ दे, मग बाप्तिस्मा, पापं धुतली गेल्याची खूण म्हणून पाण्याने होणारा तो विधी. चौथ्या शतकात कितीतरी जण मुद्दाम बाप्तिस्मा लांबवायचे, नंतर पाप घडलं तर काय या भीतीने, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननेसुद्धा ३३७ साली अगदी शेवटच्या आजारपणात घेतला, हे वाचल्यावर मला बरंच वाटलं होतं, म्हणजे मी एकटीच नाही. पण नीट झाल्यावरच यायचं तर मग तारण कशापासून? बुडणाऱ्याने आधी पोहायला शिकून ये म्हटल्यासारखं झालं हे. आणि तसं येशूने म्हटलेलंच नाही, मीच म्हणत बसलेय.

काल रात्री बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये उघडलं, चोविसावा अध्याय. येशूचा संदेश सांगत फिरणारा पौल कैदेत, आणि रोमन सुभेदार फेलिक्स त्याचं ऐकतोय. नीतिमत्त्व, संयम, पुढे होणारा न्याय हे ऐकून तो घाबरतो आणि म्हणतो, आता जा, सवड मिळाली की बोलावतो. मला वाटायचं त्याने परत बोलावलंच नसेल. तसं नाहीये. त्याने पुष्कळदा बोलावलं! लाच मिळेल या आशेने का होईना, बोलावून बोलणं चालूच, आणि अशी दोन वर्षं गेली. पण तो घाबरला हे एकदाच लिहिलंय, पहिल्या वेळी. पुढे नुसतं बोलणं.

इथेच मी थांबले, कारण हे माझंच आहे. मी काय कमी ऐकलंय? वचनं पाठ आहेत, कुणी विचारलं तर सुवार्ता समजावूनही सांगेन. रविवारी जी धडधड झाली ती पुढच्या रविवारी होईलच असं कोण सांगणार, आणि नाही झाली तर मला ते कळेल तरी का... हीच भीती वाटते, बाकी कशाची नाही. घरच्यांचीसुद्धा इतकी नाही.

मग सोळावा अध्याय. फिलिप्पै शहरातला तो तुरुंगाचा अधिकारी, पौल आणि त्याचा सोबती सीला त्याच्याच कैदेत. मध्यरात्रीचा भूकंप, दारं उघडी, कैदी पळाले समजून हा जीव द्यायला निघालेला, आणि त्याच रात्री, त्याच घटकेला पौल आणि सीलाच्या जखमा धुतो आणि घरच्या सगळ्यांसकट बाप्तिस्मा घेतो. सकाळ होऊ दे असंही म्हणत नाही. त्याचं काय नीट झालं होतं? काहीच नाही.

माझंही नाहीये, आणि आज पहिल्यांदा त्याचं इतकं वाईट वाटत नाहीये. राग आहे तसा आहे, दादाला फोन लावायचा आहे तो आहेच. आहे ते असंच घेऊन जायचं, दुसरं माझ्याकडे आहे तरी काय.

पावणेबारा झालेत. पाळकांना उद्या सांगेन असं आत्ता लिहिणार होते, ते लिहीत नाही. मेसेज टाकलाय, सकाळी वाचतील. आणि ही वही उघडी ठेवून बसणं हेसुद्धा लांबवणंच चाललंय माझं. ठेवते. गुडघे टेकायचेत.