देव्हाऱ्याची घासाई, भाग ३ : कमळाच्या पाकळ्या आणि टूथब्रशचा सँडर

चौथरा आणि मागची फळी मागच्या महिन्यात संपली. सपाट काम होतं. ऑर्बिटल सँडर (सँडपेपर बारीक वर्तुळात फिरवणारं मशीन) लावला, ८०, १२०, १८० नंबरचे पेपर, नंबर मोठा तितका बारीक, असे क्रमाने फिरवले आणि दोन रविवारांत मोकळा झालो. आता समोर आहे ते खरं काम. महिरपीवरची वेलबुट्टी, चार खांबांच्या तळाची कमळं आणि दोन्ही बाजूंच्या जाळ्या. प्रत्येक कमळाला सोळा पाकळ्या आणि एकेक पाकळी माझ्या करंगळीच्या नखाएवढी. आईच्या आजोबांनी देवरुखकडच्या एका सुताराकडून करून घेतलेला हा देव्हारा पूर्ण जुन्या सागवानाचा आहे. त्या सुताराच्या पटाशीची धार पाकळीच्या कडेला अजून बोटाला लागते. ती कड गोल न होऊ देता मधली काजळी आणि रंगाचे अवशेष काढायचे, एवढंच या भागातलं उद्दिष्ट.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट, आणि ती मी आग्रहाने सांगतो. मधल्या काळात कुणीतरी कमळांना हिरवा ऑइलपेंट दिला होता. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगात शिसं असेल असंच धरून चालायचं. असा रंग कोरडा घासला की शिसं धुळीतून घरभर जातं, आणि आमच्या घरात चार वर्षांची मुलगी आहे. म्हणून रंगाला मशीन लावलंच नाही. रंग काढायचा रिमूव्हर लावून, नायलॉनच्या ब्रशने भिजल्या अवस्थेतच खरवडून, ओल्या फडक्याने तीनतीनदा पुसून काढला. फडकी पिशवीत बांधून वेगळी ठेवली. लाकूड पूर्ण उघडं पडल्यावर, आठवडाभर वाळल्यावर, मगच पेपर हातात घेतला.

पहिला प्रयोग रोटरी टूलचा, म्हणजे टोकाला छोटी अवजारं लावून जोरात फिरवणाऱ्या हातातल्या मशीनचा. छोट्या कोरीव कामाला ड्रेमेल किंवा तसलंच काहीतरी घ्या, असं जो तो सांगतो. मी एक साधं, वेग कमीजास्त होणारं मशीन घेतलं, १३ मिलिमीटरचा सँडिंग ड्रम (पेपर गुंडाळलेली छोटी नळी) चढवला, १५,००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांवर, ठेवला आणि मागच्या खांबाच्या कमळाला टेकवला. दोन सेकंदांत पाकळीवर काळी रेघ उठली आणि कड बसली. जळक्या सागाचा वास अख्ख्या गॅलरीत पसरला. त्या पाकळीची कड पटाशीने पुन्हा काढून घेतली, पण ती बाकीच्या पंधरांपेक्षा किंचित खोल गेली आहे, आणि ते मला दिसत राहणार.

रात्री कागदावर हिशेब मांडला. १३ मिलिमीटरच्या ड्रमचा घेर साधारण ४१ मिलिमीटर. १५,००० फेरे म्हणजे मिनिटाला सहाशे मीटरच्या वर, सेकंदाला दहा मीटर. उलट माझ्या सँडरचा पॅड २ मिलिमीटरच्या वर्तुळात मिनिटाला ११,००० वेळा फिरतो. तिथे पेपरचा कण सेकंदाला सव्वा मीटरसुद्धा जात नाही. म्हणजे ड्रमचा पेपर आठपटींहून जास्त वेगाने पळतो, तोही एकाच दिशेने आणि एका रेषेएवढ्या जागेत टेकून. लाकूड जळणारच. मशीन अगदी खाली, ५,००० वर आणलं तरी साडेतीन मीटर उरतात. आकार द्यायला, लाकूड खायला ड्रम उत्तम आहे. कोरलेल्या आकाराची नुसती त्वचा साफ करायला तो चुकीचा. रोटरी टूल घेऊ नका असं मी म्हणत नाही. नायलॉनचे, दाणे भरलेले छोटे ब्रश त्याला लावून वेलबुट्टीच्या खाचा मी पुढे बऱ्याच साफ केल्या, तेही सगळ्यात कमी वेगावर.

दुसरा प्रयोग, हलणारं मल्टिटूल, म्हणजे पातं किंवा पॅड जागच्या जागी डावीउजवीकडे भराभर हलवणारं मशीन. त्रिकोणी पॅडचं टोक कोपऱ्यात जातं म्हणून महिरपीच्या आतल्या कोनांना ते आवडलं. पण पॅड कडक असतो. गोलाईवर तो दोन टोकांनाच टेकतो आणि तिथे चपटे डाग पाडतो. म्हणून एक बोथट झालेलं पातं घेतलं, ग्राइंडरवर दात पूर्ण उडवले, टोक बोटाएवढं अरुंद केलं आणि त्यावर जाड स्पंज चिकटवून वर १२० नंबरचा पेपर लावला. दहा मिनिटं धरून बसलो. काहीच नाही! धूळसुद्धा पडेना.

कारण उमगलं ते भावाच्या हाताचं प्लास्टर काढलेलं आठवल्यावर. डॉक्टर जी करवत वापरतात तीही अशीच जागच्या जागी डावीउजवीकडे हलते. कडक प्लास्टर कापलं जातं, पण खालची कातडी मऊ असल्यामुळे पात्याबरोबर हलते आणि सहसा कापली जात नाही. जर्मनीच्या फाइन कंपनीने १९६७ मध्ये प्लास्टर कापायचं असंच हलणारं यंत्र काढलं आणि आजची मल्टिटूल त्याच घराण्यातली. माझ्या पात्याखालचा स्पंज नेमका कातडीसारखा वागत होता. पातं हलायचं, स्पंज पिळला जायचा आणि पेपर लाकडावर जागच्या जागी चिकटून राहायचा.

या कामात मशीनच्या ताकदीपेक्षा पेपरच्या मागे काय आहे याला महत्त्व जास्त, हे तिथे कळलं. फार कडक असेल तर डाग पडतात, फार मऊ असेल तर घासतच नाही. मधलं काय मिळेल म्हणून घरात शोधलं आणि जुनी हवाई चप्पल सापडली. तिच्या टाचेचा भाग वापरून वापरून दबलेला, घट्ट झालेला असतो. त्यातून ब्लेडने ३ मिलिमीटरचा काप काढला, पातं आणि काप दोन्ही खरखरीत करून रबर सोल्युशनने चिकटवला, वर दुहेरी टेपने पेपर. हा चालला. महिरपीचा आतला सगळा उतार याच पात्याने एका दुपारी झाला. वेग मधल्याच्या खाली ठेवा, नाहीतर टेपचा डिंक गरम होऊन पेपर सरकतो.

पण पाकळ्यांच्या मधल्या खोबणीत हे पातंही जाईना. तिथे कामाला आला तो टूथब्रश. गोल डोक्याचा, डोकं उलटसुलट फिरणारा बॅटरीचा ब्रश हवा. नुसता थरथरणारा घेऊ नका, त्याची हालचाल इतकी बारीक असते की पेपरला काम होत नाही. ब्रशचं जुनं डोकं घेतलं. आधी केस मुळापासून कापून वर फेव्हिक्विकने वेलक्रो लावला होता, तो दुसऱ्याच मिनिटाला निघाला. त्या प्लास्टिकला डिंक धरतच नाही. दुसऱ्या डोक्याला केस २ मिलिमीटर शिल्लक ठेवले आणि त्यांच्यात अराल्डाइट भरलं. केसांचे खुंट आत अडकतात, त्यामुळे एका रात्रीत घट्ट चकती तयार होते. तिच्यावर वेलक्रोची काटेरी बाजू, आणि वेलक्रोवाल्या सँडिंग डिस्कमधून चामड्याच्या पंचने पाडलेल्या १२ मिलिमीटरच्या टिकल्या. एका ५ इंची डिस्कमधून पन्नास-साठ टिकल्या सहज निघतात.

याची सगळ्यात मोठी खुबी म्हणजे याच्यात जोर नाही. जास्त दाबलं की मोटर मंदावते, थांबते. म्हणजे पाकळी खाण्याआधी मशीनच हात टेकतं. टिकली पाकळीच्या बुडाशी ठेवायची, पेनासारखं हलक्या हाताने धरायचं आणि टोकाकडे ओढत न्यायचं. काजळी निघून खालचा मधाच्या रंगाचा साग वर येताना डोळ्यांना दिसतो. एका पाकळीला साधारण दीड मिनिट, दर तीन पाकळ्यांना नवी टिकली. साग तेलकट, शिवाय त्याच्या अंगात सिलिका, त्यामुळे पेपर भरतोही लवकर आणि बोथटही लवकर होतो. भरलेल्या टिकल्या चपलेच्या क्रेप सोलवर घासल्या की पुन्हा काही वेळ चालतात.

पाकळ्यांमधल्या अगदी चिंचोळ्या खाचेसाठी बांबूची ३ मिलिमीटरची काडी टोकाला उभी चिरली, चिरेत कापडी पाठीच्या पेपरची पट्टी अडकवून तीनचार वेढे दिले आणि ड्रिल मशीनला लावली. वेढे असे द्यायचे की फिरताना पट्टीचं सुटं टोक मागे राहील, नाहीतर पट्टी खाचेत अडकून उलगडते. ही काडी ड्रिललाच, मंद वेगावर, आणि डोळ्यांवर चष्मा असताना. रोटरी टूलच्या वेगाला बांबू फुटून उडेल, तिथे चुकूनही लावू नका.

जाळ्यांना मशीन नकोच असं ठरवलं. भोकांतून कापडी पेपरची पट्टी ओवायची आणि दोन्ही हातांनी, बुटाला पॉलिश करताना फडकं ओढतात तशी ओढायची. वेळ लागतो, पण कड राखली जाते.

मास्क मात्र सगळीकडे एन९५. बारीक घासाईची धूळ सगळ्यात बारीक असते, आणि कठीण लाकडांची धूळ नाकातल्या कर्करोगाचं सिद्ध झालेलं कारण आहे. सागाच्या धुळीने काहींना अंगावर पुरळही उठतं. मला मनगटांवर उठलं, तेव्हापासून पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो.

आजपर्यंतचा हिशेब : महिरप पूर्ण, चारपैकी तीन कमळं १८० नंबरपर्यंत. २४० हाताने, घडी घातलेल्या पेपरच्या कडेने करतोय, कारण शेवटच्या फेरीत आडव्या रेषा राहिल्या तर पॉलिशखाली उठून दिसतात. चौथं कमळ आणि डावी जाळी बाकी आहे. पॉलिशसाठी लाखदाणा स्पिरिटमध्ये भिजत टाकायची बरणी आईने धुऊन ठेवली आहे.